लेफ्ट फोर डेड २: कोण येतंय ते आधी ऐका

बूमर हा झोंबी मारायच्या या गेममधला सगळ्यात लेचापेचा गडी. अंगात जीव फक्त ५० हेल्थचा, म्हणजे रस्त्यानं धावत येणाऱ्या साध्या झोंबीएवढाच. पिस्तुलाच्या एकदोन गोळ्यांत फुटतो. तरी सुरुवातीला आमची टीम सगळ्यात जास्त त्याच्याच पायी गारद व्हायची. कारण तो फुटतो म्हणजे खरंच फुटतो. जवळ जो कोणी असेल त्याच्या अंगावर पोटातलं हिरवं पित्त उडतं, पडद्यावर काही दिसेनासं होतं आणि त्या वासावर चहूकडून झुंड धावून येते. आमच्या दाजींना दिसलं की मारायची खोड. बूमर दारातून आत आला रे आला की दाजींची बंदूक ठो! पुढं बराच वेळ आम्ही चौघंही आंधळे.

"मारलं की मी त्याला!" दाजी म्हणायचे.

"मारलंत, पण आपल्यातच मारलंत की पप्पा," भाचा कपाळाला हात लावायचा.

लेफ्ट फोर डेड २ व्हॉल्व कंपनीनं नोव्हेंबर २००९ मध्ये काढला, पहिल्या भागानंतर वर्षभरातच. इतका जुना गेम आज कशाला, तर त्याचं कारण माझं दुकान. औशात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. चार जुने कॉम्प्युटर. दिवसभर त्यांच्यावर पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. आजकालचे गेम टाकायला गेलं तर ही मशीनं मान टाकतात. हा मात्र २ जीबी रॅमवर चालतो, चौघांनी मिळूनच खेळायचा आहे, आणि दुकानातल्या दुकानात तारेनं जोडलेल्या मशीनवर खेळता येतो. रात्री गिऱ्हाईक संपलं की शटर अर्धं खाली ओढायचं आणि बसायचं.

खेळणारे चौघे ठरलेले. मी. लातूरला क्लासला असलेला आणि सुट्टीत घरी आलेला भाचा; गेम त्यानंच हॉस्टेलवरून आणलेला. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम संपला की त्यांना रात्री मोकळ्याच. आणि शेजारचे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. गुरुजींनी आयुष्यात पत्त्यांशिवाय दुसरा खेळ खेळला नव्हता.

गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात वही केली. कुठल्या वळणावर कोण येतो, कुठल्या खोलीत औषधाची पेटी आहे, सगळं नोंदवायचं आणि पुढच्या खेपेला वही उघडून बसायचं. वही फुकट गेली. या गेममध्ये शत्रूंच्या जागा ठरलेल्या नाहीत. आत एक व्यवस्था बसवलेली आहे, तिला डायरेक्टर म्हणतात. टीमची तब्येत कशी आहे, किती ताण पडलाय, कोण मागं राहिलंय, हे बघून ती दर वेळी नव्यानं ठरवते की आता कुणाला सोडायचं आणि कुठून. जरा दमलात की थोडा वेळ शांत ठेवते, मग पुन्हा चढवते. काल रिकामी असलेली खोली आज रिकामी असेलच असं नाही. त्यामुळं जागा पाठ करून भागत नाही, माणूस ओळखावा लागतो. माणूस कसला म्हणा.

आणि ओळखायचा तो डोळ्यानं नाही. दिसला तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. प्रत्येक खास शत्रूला स्वतःचा आवाज दिलाय, शिवाय तो मैदानात उतरला की त्याच्यासाठी बांधलेली दोनचार सुरांची छोटी धून मागच्या संगीतात वाजून जाते. ती ऐकली की समजायचं, अमुक एक जण आला, आता शोधा. आमच्याकडं सुरुवातीला एकच स्पीकर होता, टेबलाखाली, झेरॉक्स मशीनच्या बाजूला. त्यातून आवाज यायचा पण बाजू कळायची नाही. वर पंखा खडखडणार, लाइट गेली की इन्व्हर्टर आणि यूपीएसची पीपी. भाच्यानं हट्ट करून चार साधे, तारेचे हेडफोन आणायला लावले. गेममध्ये खरा फरक त्या दिवशी पडला. डाव्या कानात खोकला आला तर डावीकडं वळायचं, इतकं ते सरळ झालं.

खोकतो तो स्मोकर. कोरडा, घशात अडकलेला, जुनाट खोकला. उंच, किडकिडीत, तोंडावर गाठी, आणि जीभ पार लांबपर्यंत जाणारी. गच्चीवर, खिडकीत, कुठंतरी लांब उभा राहणार आणि तुमच्यातला एक उचलून ओढत नेणार. ज्याला धरलंय त्याला फारसं काही करता येत नाही. बाकीच्यांनी जिभेवर गोळी घालायची, नाहीतर स्मोकरलाच मारायचं, नाहीतर अडकलेल्याला जाऊन ढकलायचं. मेल्यावरही तो धुराचा लोट सोडून जातो, त्यात शिरलं की काही दिसत नाही आणि आपला गडी खोकायला लागतो. जीव २५० हेल्थचा. लांबून रायफलनं लगेच पडतो, फक्त तो कुठं उभा आहे ते आधी कळलं पाहिजे.

हंटर गुरगुरतो. अंगात टोपीवाला जाकीट, हातापायांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. झेप घ्यायची असली की आधी खाली बसतो आणि बसला की गुरगुरतो. उभा असेल तेव्हा आवाज नाही, ही त्याची खरी खोच. म्हणजे गुरगुर ऐकू आली याचा अर्थ तो तयारीत आहे आणि तुमच्याकडं फार वेळ नाही. झेपावताना किंचाळतो. त्या किंचाळीवर नेम धरून राइट क्लिक केलं, म्हणजे बंदुकीच्या दस्त्यानं ढकललं, तर तो हवेतच मागं उडतो. हे भाच्याला पाठ झालं होतं. आम्हा तिघांना ते जमायला बराच काळ गेला, कारण किंचाळी ऐकली की बोट आपोआप डाव्या बटणावर, गोळीकडं जायचं.

मग एका रात्री गुरुजींनी एक गोष्ट काढली. खेळ थांबवून म्हणाले, "बघा हं. आपण एकेकटे फिरलो की हंटर आणि स्मोकर खातात. म्हणून आपण चिकटून चालायला लागलो. आता चिकटून चाललो की चार्जर आणि स्पिटर येतात." बरोबर होतं ते. पहिल्या भागात बूमर, स्मोकर, हंटर, टँक नावाचा राक्षस आणि विच नावाची चेटकीण एवढेच होते आणि तेव्हा चौघांनी एका कोपऱ्यात पाठीला पाठ लावून उभं राहिलं की बरंच निभायचं. दुसऱ्या भागात चार्जर, स्पिटर आणि जॉकी आणले ते ती कोपऱ्यात बसायची सवय मोडायला. प्रत्येक शत्रू आपल्या एखाद्या सवयीवर बेतलेला आहे. ती सवय कुठली ते कळलं की त्याला मारायचं कसं हेही निम्मं कळतं. बूमर घाईवाल्यासाठी. हंटर मागं रेंगाळणाऱ्यासाठी. चार्जर रांगेत चालणाऱ्यांसाठी.

चार्जरवर आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले. जीव ६०० हेल्थचा, एक हात अवाढव्य, दुसरा वाळून गेलेला. हंटरला ढकलता येतं, जॉकीला ढकलता येतं, याला ढकलून काही होत नाही. डरकाळी फोडतो आणि सरळ रेषेत सुटतो. वाटेत जो पहिला सापडेल त्याला उचलून नेतो, त्याच्या मागंपुढं असणाऱ्यांना उधळून लावतो, आणि भिंत लागली की धरलेल्याला जमिनीवर आपटत राहतो. आपटणं थांबवायचं तर त्याला मारावंच लागतं. अरुंद बोळ असेल तर चौघंही एका दमात आडवे. पण एकदा सुटल्यावर त्याला वळता येत नाही. तेवढंच त्याचं वर्म. म्हणून आम्ही चालायची पद्धतच बदलली. बोळात दोघं पुढं, दोघं मागं, मध्ये अंतर, आणि एकामागं एक नाही, तिरके. डरकाळी ऐकली की प्रत्येकानं जवळच्या भिंतीला सरकायचं. तो मधून निघून जातो आणि मागून त्याच्यावर चार बंदुका चालतात.

दाजींनी याच्यावर त्यांचा उपाय काढला. गेममध्ये हातानं हाणायची हत्यारं मिळतात. कुऱ्हाड, कोयता, तळायचा तवा, गिटार, आणि चक्क क्रिकेटची बॅट. बॅट दिसली की दाजी पिस्तूल टाकून देणार. धावत येणाऱ्या चार्जरवर बॅट नेमक्या क्षणी पडली तर तो तिथंच आडवा होतो; गेममध्ये त्याबद्दल वेगळं बक्षीससुद्धा आहे. भाच्यानं सांगितलं तेव्हा आम्हाला थाप वाटली. दाजी समोर उभे राहिले, डरकाळी आली, आणि दाजींनी ऑफसाइडला जरा जागा करून घेऊन बॅट फिरवली. चार्जर पडला. त्यानंतर घरी जाईपर्यंत दाजी खुर्चीवर बसल्या बसल्या मनगट फिरवत होते. खरं सांगायचं तर हा उपाय दर वेळी चालत नाही, आणि चुकला तर दाजी भिंतीवर. पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

स्पिटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लांब मानेची बाई, चिरका आवाज, तोंडातून हिरवी लाळ गळते. आम्ही तिला गुटखा म्हणायचो. जीव १०० हेल्थचा, तिला मारणं अवघड नाहीच. तिनं जमिनीवर पिचकारी मारली की तिथून हलायचं, लगेच. त्या थारोळ्यात पहिल्या क्षणी फारसं लागत नाही, पण जितका वेळ उभं राहाल तितकं नुकसान वाढत जातं. त्यात जखमी गडी खाली पडलेला असेल तर त्याला उचलायला कुणी जायचं की नाही, यावर आमची खरी भांडणं झाली. शॉपिंग मॉलच्या शेवटच्या लेव्हलमध्ये गाडीत टाकण्यासाठी पेट्रोलचे कॅन गोळा करावे लागतात. तिची थुंकी त्या कॅनवर पडली की कॅन पेट घेतो. तिथं ती आधी मारायची, बाकी कोणीही असो.

जॉकी हसतो. वेड्यासारखं, दम लागल्यासारखं, थांबून थांबून. तो डोक्यावर बसला की आपल्याला हवं तिकडं चालवत नेतो. गच्चीच्या कडेकडं, स्पिटरच्या थारोळ्यात, विचच्या अंगावर. धरलेल्यानं उलट्या दिशेचं बटण दाबून ठेवलं तर तो जरा हळू होतो, आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन ढकललं की सुटका. एकट्यादुकट्यानं पुढं पळालं तर मात्र सुटका नाही. भाचा नेहमी पुढं. भाच्याच्या डोक्यावर जॉकी बसला की दाजी मुद्दाम जरा सावकाश जायचे.

टँक आला की ओळखायची गरज नसते. संगीतच बदलतं, जमीन हादरते. नॉर्मल पातळीवर ४००० हेल्थ, ॲडव्हान्स्ड आणि एक्स्पर्टला ८०००. नेम वगैरे सोडा, आधी पेटवा. मोलोटोव्ह म्हणजे पेटती बाटली एकानं राखून ठेवायचीच, असा आमचा नियम झाला. पेटल्यावर तो जळत राहतो, आपण मागं सरत गोळ्या घालायच्या आणि त्याच्या हाताच्या टप्प्यात यायचं नाही. धडधाकट गडी टँकपेक्षा किंचित जोरात पळतो. पण हेल्थ ४० च्या खाली गेली की आपला माणूस लंगडतो, मग तो गाठतो. म्हणून टँकच्या आधी कोण लंगडतंय ते बघून वेदनाशामक गोळ्या त्याला द्यायच्या. त्या गोळ्या ५० हेल्थ देतात, ती हळूहळू उतरत जाते, पण टँकपुरतं भागतं. तो जमीन उकरून धोंडा फेकतो, तो धोंडा हवेत असताना गोळ्यांनी फोडता येतो. हे गुरुजींना आवडलं आणि त्यांनी त्यात बऱ्याच गोळ्या घालवल्या. बूमरचं पित्त भरलेली बरणी हाती आली असेल तर ती टँकवर फोडायची, सगळी झुंड त्याच्यावर तुटून पडते. बूमरचा उपयोग झालेला मी पाहिला तो इथंच.

आता हार्ड रेन. या मोहिमेसाठी एवढं सगळं शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

अमेरिकेच्या दक्षिणेकडं घडणारी पाच प्रकरणांची मोहीम. बोटवाल्याला डिझेल हवंय. आपण गावात उतरायचं, गावातून साखर कारखान्यात, कारखान्यातून उसाच्या फडात, फडापलीकडच्या पंपावर. तिथून डिझेल घेऊन त्याच वाटेनं परत. जाताना आभाळ भरून आलेलं असतं, परतताना वादळ फुटतं आणि गावात पाणी भरतं. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात बसून आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढत होतो. गुरुजी एकदा म्हणाले, "थोडं हिकडं वळवता येतंय का बघा."

कारखाना आला तसे दाजी खुर्चीत पुढं सरकले. गव्हाण कुठाय, बॉयलर कुठाय, बगॅसचा ढीग कुठाय, हे शोधण्यात त्यांनी पहिली खेप घालवली. त्यांचं पटलं नाही. "कारखान्याला लागून एवढा ऊस उभा, आन तोड न्हाई? चेअरमनला इचारा जरा." त्या फिरण्यात त्यांनी बॅटरी लावून ठेवलेली. आणि तिथं रडण्याचा आवाज सुरू होता.

विच. बाकी कुठल्याही मोहिमेत एखादी भेटते, या कारखान्यात त्या ठिकठिकाणी. फिकट, अंगावर फाटके कपडे, बोटांच्या जागी लांब नख्या. हुंदके देत असते. ती आपण होऊन काही करत नाही, तिला चिडवलं तरच. चिडवायला फार लागत नाही. बॅटरीचा झोत, फार जवळ जाणं, चुकून लागलेली गोळी. रडणं थांबून गुरगुर सुरू झाली की ती तापायला लागलीय, मागं सरा. एकदा उठली की ज्यानं डिवचलं त्याच्यावरच जाते. नॉर्मलला एका फटक्यात आडवं पाडते, एक्स्पर्टला सरळ मारते. जीव १००० हेल्थचा.

पहिल्या खेपेला दाजींच्या बॅटरीनं एक उठली, तिला मारताना गोळी दुसरीला लागली. दुकानात एवढा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडून विचारलं, भांडण झालंय का म्हणून.

कारखान्यासाठी मग आम्ही वेगळी शिस्त घातली. फाटकातून आत शिरतानाच चौघांच्याही बॅटऱ्या बंद. कुणी बोलायचं नाही, कारण बोलणाऱ्याला हुंदका ऐकू येत नाही. आवाज आला की थांबायचं, डोकं, म्हणजे माऊस, सावकाश डावीउजवीकडं फिरवायचा आणि कुठल्या कानात जास्त येतोय ते बघायचं. वाट असेल तर वळसा. वळसा नसेल तर एकानं जायचं, शॉटगन घेऊन, बाकी तिघांनी बंदुका खाली. कंट्रोल दाबून खाली बसून, हळू, तिच्या पाठीकडून. गुरगुर चढते, पडद्यावर तिचं डोकं मोठं होत जातं. नळी जवळजवळ टेकली की डोक्यात एकच बार. सगळे छर्रे लागले तर ती उठायच्या आधीच पडते. थोडं लांबून मारला, थोडा खांद्यात गेला, की संपलं. हे काम आम्ही गुरुजींना दिलं. त्यांचा नेम आमच्यात सगळ्यात वाईट, पण त्यांना घाई नाही. शाळेत पोरं तपासायला आलेल्या साहेबासमोर जसे उभे राहतात तसेच शांत. पहिली विच एका बारात पडली तेव्हा त्यांनी माऊस सोडून दोन्ही हात धोतराला, नाही, पँटला पुसले आणि म्हणाले, "पुढची कुठाय?"

फडात शिरल्यावर वेगळी गंमत. ऊस डोक्याच्या वर, समोर हातभर दिसत नाही, आणि चहूकडून झोंबी येतात. भाचा इथं हैराण झाला. त्याची सगळी हुशारी नजरेची. दाजी मात्र इथं खुलले. आमच्याकडं उसात रानडुक्कर शिरलं की ते दिसत नाही, पाल्याची सळसळ कुठून कुठं सरकतेय त्यावरून ताडायचं असतं. दाजींचं बालपण त्यातच गेलेलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानाला दाबून ते सांगायला लागले.

"हंटर हाय. उजव्या अंगाला. बसलालंय."

"कुठं? मला काहीच दिसना," भाचा.

"बघूच नको. तिकडं तोंड कर आन ढकलायच्या तयारीत ऱ्हा."

किंचाळी आली, भाच्यानं ढकललं, हंटर उसात मागं पडला आणि मी त्याच्यावर बार टाकला. त्यानंतर फडापुरतं भाच्यानं वडिलांचं ऐकायचं ठरवलं.

परतीच्या वाटेवर मात्र कानाचाही भरवसा राहत नाही. वादळ मध्येच चढतं, पाऊस एवढा कोसळतो की खोकला, गुरगुर, हुंदका, सगळं त्यात बुडून जातं. समोरचं दिसत नाही आणि नेमकी तेव्हाच झुंड येते. याला एकच उतारा सापडला. वादळ चढायला लागलं की पुढं जायचं नाही. जवळच्या छपराखाली, भिंतीला पाठ लावून थांबायचं, ढकलत आणि मारत राहायचं. सारखं ढकललं की हात थकतो, ढकलायचा वेग कमी होतो, म्हणून दोघांनी ढकलायचं, दोघांनी मारायचं, मग अदलाबदल. ओसरलं की निघायचं. कोपऱ्यात थांबलं की स्पिटर येणार हे माहीत असतं, म्हणून एक जण फक्त तिच्यासाठी मोकळा. पाण्यात उतरलं की पाय जड होतात, जमेल तिथं छपरांवरून जायचं. या मोहिमेत कानावर हेडफोनसारखी, आवाज अडवणारी झाकणं लावलेले बांधकाम मजूरही झोंबी झालेले भेटतात. पाइप बॉम्बच्या टिकटिकीवर बाकी सगळी झुंड धावते, हे धावत नाहीत. त्यांना ऐकूच जात नाही. बॉम्ब टाकून निर्धास्त झालेल्या भाच्याला अशा दोघांनी मागून गाठलं होतं.

शेवटी बर्गरच्या हॉटेलापुढच्या पाटीचे दिवे लावून बोटवाल्याला खूण करायची आणि बोट येईपर्यंत तग धरायचा. आम्ही नॉर्मलला ही मोहीम पार केली तेव्हा चौघांपैकी तिघं बोटीत पोचले. दाजी टँकला बॅट मारायला थांबले होते.

सध्या आम्ही द पॅरिश या मोहिमेवर आहोत. तिथं दंगलविरोधी पोलिसांच्या वेशातले झोंबी आहेत, अंगावर चिलखत, समोरून गोळी लागतच नाही. एकानं ढकलायचा, तो धडपडून फिरतो, आणि दुसऱ्यानं उघड्या पाठीत मारायचं. जोडीनं खेळलं तर सोपा आहे. मेल्यावर कधीकधी त्यांच्या हातातला दांडका पडतो. परवा दाजींनी बॅट टाकली आणि दांडका उचलला. वजनाला हलका आहे म्हणतात, मनगटाला बरा.